मेंदूची रचना आणि आक्रमक वर्तन : स्कॅन पाहून माणूस ओळखता येईल का?

विदुला_करवीर :
नमस्कार. कोल्हापुरातील आमच्या वाचनमंडळात मागील बैठकीत मेंदू आणि हिंसा या विषयावर चर्चा झाली आणि ती इतकी तापली की विषयाचे प्रात्यक्षिकच सुरू झाले की काय, असे वाटू लागले. एका बाजूचे म्हणणे होते की आक्रमकता मेंदूच्या विशिष्ट भागांच्या घडणीतून येते, तेव्हा उद्या स्कॅन काढून धोकादायक माणसे आधीच ओळखता येतील. दुसऱ्या बाजूला हे ऐकणेसुद्धा नकोसे झाले होते. मग गुन्हेगाराला जबाबदार धरायचे कोणत्या तोंडाने, असा त्यांचा सवाल होता. मी निवृत्त होईपर्यंत शाळेत जीवशास्त्र शिकवले, पण मेंदूचे भाग आणि त्यांची कामे यांच्या जोड्या लावून झाल्या की आमचा पाठ संपत असे. या प्रश्नाला तिथे जागाच नव्हती.

इथल्या जाणकारांकडून दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. मेंदूची रचना आणि आक्रमक वर्तन यांचा संबंध आज कितपत सिद्ध झाला आहे? आणि जेवढा सिद्ध झाला आहे, त्याच्या आधारे समोर बसलेल्या एका माणसाबद्दल काही सांगता येते का?

तांबडा_पांढरा :
कोल्हापूरकरांच्या बाबतीत मेंदूपर्यंत जाण्याचे कारण नाही. रश्श्यातील तिखटाचे प्रमाण मोजावे, शोधनिबंध आपोआप तयार होईल.

नवा_सदस्य :
फिनिअस गेज यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक असेलच. १८४८ साली अमेरिकेतील व्हरमाँट येथे रेल्वेमार्गासाठी सुरुंग ठासताना लोखंडी पहार त्यांच्या गालाखालून शिरून डोक्यातून बाहेर पडली. माणूस वाचला, पण डॉक्टर हार्लो यांनी लिहून ठेवल्याप्रमाणे त्याचा स्वभाव पार बदलला. चार्ल्स व्हिटमन यांचे प्रकरणही तसेच आहे. १९६६ साली त्यांनी ऑस्टिन येथील विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून गोळीबार केला, आणि आपल्या मेंदूची तपासणी व्हावी असे आधीच लिहून ठेवले होते. शवविच्छेदनात गाठ सापडली. संबंध सिद्ध व्हायला आणखी काय हवे?

डॉ_सव्यसाची :
नवा_सदस्य, ही दोन्ही उदाहरणे प्रसिद्ध आहेत, परंतु त्यांच्यावर जितका भार टाकला जातो तितका त्यांना पेलत नाही. गेज यांच्याबद्दल हार्लो यांनी चंचलपणा, शिवराळपणा आणि हट्टीपणा नोंदवला आहे, हिंसाचार नव्हे. शिवाय पुढे काही वर्षे गेज यांनी चिली देशात घोडागाडी हाकण्याचे काम केले, आणि प्रवासी घेऊन लांबच्या रस्त्यावर अनेक घोडे सांभाळणे हे ताबा सुटलेल्या माणसाचे काम नव्हे. व्हिटमन यांच्या बाबतीत चौकशीसाठी नेमलेल्या तज्ज्ञांनी इतकेच म्हटले होते की गाठीचा हातभार लागलेला असू शकतो, मात्र तो संबंध स्पष्टपणे दाखवता येत नाही. त्यांच्या वडिलांचा मारकुटेपणा, उत्तेजक गोळ्यांचे सेवन आणि सैन्यातील नेमबाजीचे शिक्षण या गोष्टीही त्याच चरित्रात आहेत.

विदुलाताई, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी आक्रमकता ही एकच एक गोष्ट आहे, हे गृहीतक सोडावे लागेल. मांजरांवरील जुन्या प्रयोगांत हे फार नितळपणे दिसले. १९२८ साली फिलिप बार्ड यांनी मांजरांच्या मेंदूचा वरचा थर, म्हणजे कॉर्टेक्स, काढून टाकला, तेव्हा ती क्षुल्लक स्पर्शानेही फिस्कारू लागली, त्यांचे केस उभे राहू लागले, नखे बाहेर येऊ लागली. मात्र मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या छोट्या भागाचा मागचा हिस्साही काढल्यावर हा सगळा संताप एकत्रितपणे दिसेनासा झाला. वॉल्टर हेस यांनी जाग्या मांजरांच्या हायपोथॅलॅमसमध्ये बारीक तारा बसवून विजेच्या साहाय्याने तोच संताप जागवून दाखवला. पुढे १९६२ मध्ये वासमन आणि फ्लिन यांनी जे दाखवले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. हायपोथॅलॅमसचा मध्याजवळचा भाग उत्तेजित केला तर मांजर फिस्कारत, पंजे उगारत अंगावर येते. बाजूचा भाग उत्तेजित केला तर तेच मांजर आवाज न करता दबकत जाते आणि उंदराची मान पकडते. पहिला प्रकार संतापाचा आहे, दुसरा शिकारीचा, आणि दोन्हींच्या वाटा मेंदूत वेगळ्या आहेत.

माणसांतही आम्ही ढोबळमानाने असाच भेद करतो. चिथावणी मिळताच भडकून केलेली हिंसा एक, आणि काही मिळवण्यासाठी थंड डोक्याने केलेली हिंसा दुसरी. पहिल्या प्रकारच्या लोकांत कानशिलामागे खोलवर असलेला, भावनांशी संबंधित अमिग्डाला हा भाग धोक्याच्या खुणांना, उदाहरणार्थ रागावलेल्या चेहऱ्याला, जास्त प्रतिसाद देतो असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. दुसऱ्या प्रकारात, विशेषतः ज्यांना पश्चात्ताप किंवा कणव जाणवत नाही त्यांच्यात, तोच अमिग्डाला दुसऱ्याच्या चेहऱ्यावरील भीतीला नेहमीपेक्षा कमी प्रतिसाद देताना दिसतो. म्हणजे एकाच भागाचे अतिरेकी काम आणि मंद काम, दोन्ही हिंसेशी जोडली जातात. तेव्हा ‘आक्रमकतेचे केंद्र’ असा शब्दप्रयोग मी तरी करणार नाही.

पंचगंगाकाठ :
डॉक्टरसाहेब, सामान्य माणसाच्या भाषेत सांगायचे तर अमिग्डाला हा अ‍ॅक्सिलरेटर आणि कपाळामागचा भाग हा ब्रेक, एवढेच ना? ब्रेक घट्ट ठेवण्याचे काम संस्कार करतात. आमच्या लहानपणी वडिलांचा एक कटाक्ष पुरेसा होता.

डॉ_सव्यसाची :
ही उपमा सोपी आहे म्हणूनच तिची भीती वाटते. कपाळामागचा प्रीफ्रंटल भाग केवळ आवर घालत नाही, तो बेतही आखतो. एड्रियन रेन यांच्या गटाने १९९८ साली भावनेच्या भरात खून केलेले आणि योजनापूर्वक खून केलेले असे दोन गट तपासले, तेव्हा पहिल्या गटात प्रीफ्रंटल भागाची क्रियाशीलता कमी होती, तर दुसऱ्या गटात ती सर्वसाधारण माणसांच्या जवळपास होती. योजना करून मारणाऱ्याचा ‘ब्रेक’ शाबूत असतो. त्याने गाडी विचारपूर्वक तिकडे वळवलेली असते. शिवाय अमेरिकेतील एका रुग्णेचा अमिग्डाला दुर्मीळ आजाराने दोन्ही बाजूंनी नष्ट झाला आहे. तिला बाहेरच्या धोक्यांची भीती जवळजवळ वाटत नाही, पण तेवढ्याने ती हिंसक झालेली नाही, की संत झालेली नाही.

संस्कारांबद्दल आपण म्हणता त्यात तथ्य आहे, पण त्याची दुसरी बाजूही पाहावी. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे जन्मापासून पाठपुरावा केलेल्या मुलांच्या अभ्यासात २००२ साली असे दिसले की एमएओए नावाच्या जनुकाचा मंद प्रकार असलेली आणि बालपणी छळ सोसलेली मुले मोठेपणी अधिक हिंसक निघाली. तोच जनुक असूनही छळ न झालेल्यांत तसे आढळले नाही. नंतरच्या सर्वच अभ्यासांत हा परिणाम तेवढा ठळक आलेला नाही, तरी घरातील माराची गणना संस्कारांत करण्याआधी विचार करावा, इतके मी नक्की म्हणेन.

तालीमवाला :
मी गंगावेशीच्या बाजूला वाढलो आणि तरुणपणी लाल मातीत बरीच वर्षे काढली. बाहेरगावच्या लोकांना वाटते की पैलवान म्हणजे तापट. आमचे वस्ताद याच्या नेमके उलट सांगत. खासबागेच्या मैदानात समोरच्याने खोडी काढली आणि तुम्ही चिडलात, की घिस्सा मारायची वेळ चुकते आणि पाठ मातीला लागते. डॉक्टरसाहेबांनी मांजराचे दोन प्रकार सांगितले, त्यावरून विचारतो. कुस्तीत जे चालते ते यांपैकी कोणते? तिथे राग नाही, शिकारही नाही, पण जोर पुरेपूर लावलेला असतो, आणि कुस्ती निकाली झाल्यावर दोघे एकमेकांच्या पाया पडतात.

डॉ_सव्यसाची :
तालीमवाला साहेब, हा प्रश्न आमच्या क्षेत्रातील लोकांनाही अडचणीत टाकणारा आहे. माझ्या मते कुस्ती हे दोहोंपैकी कोणत्याच खणात बसत नाही, कारण तिथे इजा करण्याचा हेतूच नसतो. आक्रमकतेच्या व्याख्येत तो हेतू धरलेला असतो. मात्र ‘चिडलेला पैलवान चुकतो’ हे निरीक्षण शास्त्राला धरून आहे. तीव्र ताणात प्रीफ्रंटल भागाचे काम मंदावते आणि सवयीच्या, घाईच्या प्रतिक्रिया पुढे येतात.

तांबडा_पांढरा :
म्हणजे पेठांच्या फुटबॉल सामन्यात मैदानावरचे खेळाडू शांत आणि गॅलरीतले आम्ही चिडलेले, याचे शास्त्रीय कारण असे की खेळायचे त्यांना असते. आम्हाला प्रीफ्रंटलचे काहीच काम नसते.

चुंबकक्षेत्र :
मी एमआरआय विभागात तंत्रज्ञ आहे, त्यामुळे विदुलाताईंच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. स्कॅनच्या चित्रांतील लाल-पिवळे डाग पाहून लोकांची समजूत अशी होते की यंत्राने माणसाच्या मनाचे छायाचित्र काढले. प्रत्यक्षात संशोधनातील ती चित्रे बहुधा अनेक लोकांची सरासरी काढून, संगणकाने रंगवलेली असतात. वर उल्लेख आलेल्या रेन यांच्याच १९९७ च्या अभ्यासात खुनाचा आरोप असलेले आणि मानसिक विकाराच्या आधारावर बचाव करणारे ४१ जण आणि वय व लिंग यांनुसार जुळवलेले इतर ४१ जण पीईटी स्कॅनने, म्हणजे मेंदूचा कोणता भाग किती काम करतो हे दाखवणाऱ्या तपासणीने, तपासले होते. गटागटांत फरक दिसला, प्रीफ्रंटल भागात ग्लुकोजचा वापर कमी होता, हे खरेच. पण ८२ स्कॅन मिसळून एकेक हातात दिला तर हा खुनी आणि हा नाही, असे वेगळे काढता येत नाही. दोन्ही गटांची मापे एकमेकांत बरीच मिसळलेली असतात.

याचे गमतीदार उदाहरण कॅलिफोर्नियातील मेंदूशास्त्रज्ञ जेम्स फॅलन यांचे आहे. मनोविकृत गुन्हेगारांच्या मेंदूंचा अभ्यास करताना त्यांच्यासमोर एक स्कॅन आला, ज्यात कपाळामागील आणि कानशिलाकडील भागांची क्रियाशीलता अगदी त्या गुन्हेगारांसारखीच मंद होती. तो स्कॅन त्यांचा स्वतःचाच निघाला. तुलनेसाठी घरच्या लोकांचे स्कॅन काढले होते, त्यांत तो होता. गृहस्थ प्राध्यापक होते, संसारी होते आणि त्यांनी कधी कोणावर हात उचलला नव्हता.

नवा_सदस्य :
मग इतक्या वर्षांच्या संशोधनाचा उपयोग काय? उंदरांमध्ये तर प्रकाशाचा झोत टाकून हल्ला सुरू करता येतो, असे वाचले आहे.

डॉ_सव्यसाची :
बरोबर वाचले आहे. २०११ साली डेव्हिड अँडरसन यांच्या प्रयोगशाळेत दायू लिन आणि सहकाऱ्यांनी हायपोथॅलॅमसच्या एका चिमुकल्या भागातील पेशी प्रकाशाने उद्दीपित केल्या, तेव्हा नर उंदीर मादीवर, इतकेच काय, फुगवलेल्या हातमोज्यावरही तुटून पडले. पण त्याच शोधनिबंधातील पुढची गोष्ट सहसा सांगितली जात नाही. त्याच भागातील काही पेशी समागमाच्या वेळीही जाग्या होतात, आणि समागम सुरू झाल्यावर प्रकाश टाकून हल्ला घडवणे अवघड होत जाते. म्हणजे ते बटण दाबल्यावर काय होईल हे त्या क्षणी उंदीर कशात गुंतला आहे, यावर ठरते. पिंजऱ्यातील उंदराच्या बाबतीत हे असेल, तर माणसाबद्दल किती सावध राहावे लागेल!

उपयोगाबद्दल म्हणाल तर रोगनिदानात तो मोठा आहे. साठीच्या आसपासचा, आयुष्यभर मवाळ असलेला माणूस अचानक शिवीगाळ करू लागला, दुकानात चोरी करू लागला, तर आम्ही त्याला बदललेल्या स्वभावाचा मानून घरी पाठवत नाही, मेंदूचा पुढचा व कानशिलाकडचा भाग झिजवणाऱ्या फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया नावाच्या आजाराचा विचार करतो. २०१८ मध्ये डार्बी यांच्या गटाने मेंदूला इजा झाल्यानंतर गुन्हेगारी वर्तन सुरू झालेल्या १७ रुग्णांचा अभ्यास केला. इजेच्या जागा वेगवेगळ्या होत्या, पण त्या सगळ्या जागा नैतिक निर्णयांशी संबंधित एकाच जाळ्याशी जोडलेल्या निघाल्या. तरीही त्या जाळ्यात इजा झालेले बहुतेक लोक कधीच गुन्हा करत नाहीत, हे त्यांनीच स्पष्ट केले आहे.

ऋतुगंध :
इतके दिवस हा धागा नुसता वाचत होते, पण आता लिहिते. माझ्या धाकट्या भावाचा कागलच्या पुढे महामार्गावर दुचाकीचा अपघात झाला. हेल्मेट नव्हते. डोक्याला मार लागला, शस्त्रक्रियेची गरज पडली नाही, काही दिवसांनी तो चालत घरी आला आणि सगळ्यांनी देवाचे आभार मानले. त्यानंतर मात्र ताटात भाजी गार आहे एवढ्यावरून तो ताट भिंतीवर मारतो. अर्ध्या तासाने विचारले तर त्याला वाईट वाटते, वहिनीची क्षमा मागतो, आणि संध्याकाळी पुन्हा तेच. नातेवाईक म्हणतात की अपघाताचे निमित्त करून लाड करून घेतो आहे. एका रुग्णालयाने सीटी स्कॅन पाहून सर्व काही ठीक असल्याचे लिहून दिले. स्कॅनवरून गुन्हेगार ओळखता येत नाही हे समजले. पण स्कॅन चांगला आहे म्हणून माझा भाऊ नाटक करतो, असे तरी ठरते का?

डॉ_सव्यसाची :
नाही ठरत, ऋतुगंधताई. डोके जोरात आपटते तेव्हा मेंदू कवटीच्या आत हलतो, आणि डोळ्यांच्या खोबणीवरचा व कानशिलामागचा कवटीचा तळ खडबडीत असल्याने मेंदूचे नेमके तेच भाग खरचटतात, जे राग आवरण्याच्या कामात असतात. शिवाय आतील तंतू ताणले जातात, तुटतात. ही इजा साध्या सीटी स्कॅनमध्ये बहुधा दिसत नाही. तुम्ही केलेले वर्णन, म्हणजे क्षुल्लक कारण, क्षणात उसळी आणि नंतर खरा पश्चात्ताप, हे डोक्याच्या दुखापतीनंतर वारंवार दिसणारे चित्र आहे. मनोविकारतज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञ यांच्याकडे त्याला लवकर न्यावे. प्रोप्रॅनोलॉलसारखी औषधे अशा आक्रमकतेत उपयोगी पडतात, पण ती रक्तदाब, नाडी आणि दम्याचा इतिहास पाहूनच दिली जातात, तेव्हा मनाने सुरू करू नयेत. तोवर दारू पूर्ण बंद, झोप पुरेशी, आणि तो भडकला की त्या क्षणी वाद न घालता वहिनींनी मुलांना घेऊन दुसऱ्या खोलीत जाणे. आजार असला तरी घरच्यांनी मार सोसावा, असा त्याचा अर्थ होत नाही.

इतिहासवेडा :
विदुलाताईंच्या मंडळात धोकादायक माणसे आधीच ओळखण्याची कल्पना निघाली, म्हणून हे लिहिणे आवश्यक वाटते. हा उद्योग नवा नाही. एकोणिसाव्या शतकात कवटीच्या उंचवट्यांवरून स्वभाव सांगणारे शास्त्र जोरात होते आणि विध्वंसक वृत्तीची जागा त्यांनी कानाच्या वर नेमून दिली होती. १८३० च्या दशकात हेन्री स्प्राय नावाच्या इंग्रज डॉक्टरने फाशी दिलेल्या सात ठगांच्या कवट्या आपल्या देशातून एडिंबरोच्या कवटीशास्त्र मंडळाकडे अभ्यासासाठी पाठवल्या. ते शास्त्र कोसळले, पण गुन्हेगारी जन्मजात असते ही समजूत उरली, आणि १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने संपूर्ण जमातींनाच गुन्हेगार ठरवले. त्या जमातींत जन्मलेल्या माणसाने काहीही केलेले नसले तरी त्याला पोलिसांपुढे हजेरी द्यावी लागे.

याच कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली ही हजेरी बंद केली आणि ज्यांना चोर म्हणून हिणवले जाई त्या फासेपारध्यांना नोकऱ्या दिल्या, राखणदारीवर नेमले. महाराजांसमोर कोणताही स्कॅन नव्हता. माणसाला काम आणि विश्वास दिला तर तो कसा वागतो, हे त्यांनी करून पाहिले. स्कॅनवरून हजेरी लावण्याची कल्पना कोणी मांडली, तर मी तिला विज्ञान म्हणणार नाही.

पंचगंगाकाठ :
इतिहासवेडा, हे थोडे अन्यायकारक आहे. कवट्या मोजणे आणि पीईटी स्कॅन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. उद्या खरोखर अचूक चाचणी निघाली तर?

इतिहासवेडा :
उपकरण अचूक झाले म्हणून न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा न्याय्य होत नाही, एवढेच माझे म्हणणे. उपचारांच्या बाबतीतही घाई किती महागात पडते ते पाहा. वर ज्या हेस यांचा उल्लेख आला, त्यांना १९४९ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, आणि त्यांचे भागीदार होते एगास मोनिझ, ज्यांनी मनोरुग्णांच्या मेंदूच्या पुढील भागातील तंतू कापण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. त्या शस्त्रक्रियेने हजारो माणसे शांत झाली, म्हणजे अनेकदा निर्जीव झाली.

डॉ_सव्यसाची :
यात आपल्या देशाचाही अध्याय आहे. मद्रासमध्ये बालसुब्रमणियम आणि राममूर्ती या शल्यविशारदांनी साठच्या दशकापासून अतिशय आक्रमक रुग्णांच्या अमिग्डालावर शस्त्रक्रिया केल्या, त्यांत लहान मुलेही होती. त्या काळी प्रभावी औषधे थोडी होती आणि घरचे लोक हतबल होऊन येत, हे मान्य करूनही आज ते वाचताना मला अस्वस्थ वाटते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार आता अशी शस्त्रक्रिया रुग्णाच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय आणि त्या कायद्याखालील संबंधित मंडळाच्या मान्यतेशिवाय करता येत नाही.

वकिली_बाणा :
जबाबदारीच्या प्रश्नाबद्दल थोडे. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्यापासून पक्षकार असे प्रश्न अधिक विचारू लागले आहेत, म्हणून लिहितो. भारतीय न्याय संहितेचे कलम २२, म्हणजे पूर्वीच्या दंडविधानाचे कलम ८४, असे विचारते की कृत्य करतेवेळी मनोविकृतीमुळे आरोपीला त्या कृत्याचे स्वरूप, किंवा ते चूक अथवा बेकायदा असल्याचे, कळू शकत नव्हते का. मेंदूत गाठ आहे किंवा अमिग्डाला लहान आहे, एवढ्याने ही कसोटी पूर्ण होत नाही. राग आवरता आला नाही हा बचाव तर या कलमात बसतच नाही. शिक्षा ठरवताना तो मांडता येतो, ही वेगळी गोष्ट. यंत्राने मनातले वाचण्याचा मोह आपल्याकडेही झाला होता. २००८ साली पुण्यातील एका खटल्यात मेंदूच्या विद्युत लहरींच्या चाचणीचा निष्कर्ष दोषसिद्धीसाठी विचारात घेतला गेला. पुढे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी प्रकरणात अशा चाचण्या सक्तीने करण्यास मनाई केली.

विदुला_करवीर :
सर्वांचे आभार. मंडळाच्या पुढील बैठकीत दोन्ही बाजूंना थोडे थोडे नाराज करता येईल इतका मजकूर जमला आहे. सरासरीवरून व्यक्ती ओळखता येत नाही हे पटले, पण ऋतुगंधताईंचा प्रश्न मला माझ्या प्रश्नापेक्षा निकडीचा वाटतो. भावाची अडचण कागदावर यावी यासाठी त्यांनी काय करावे, हे कोणी सांगू शकेल का?

चुंबकक्षेत्र :
ऋतुगंधताई, डॉक्टरांना एमआरआयबद्दल विचारा आणि त्यात सूक्ष्म रक्तस्राव दाखवणारी एसडब्ल्यूआय ही पद्धत समाविष्ट करता येईल का, ते पाहा. साध्या सीटीत न दिसलेले बारीक ठिपके तिथे कधी कधी दिसतात. तेही स्वच्छ आले तरी निराश होऊ नका. स्मृती, लक्ष आणि आवेगावरील ताबा तपासणाऱ्या न्यूरोसायकॉलॉजीच्या चाचण्या स्वतंत्रपणे करून घेता येतात.

वकिली_बाणा :
आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज केला नसेल तर मुदतीची चौकशी आजच करा. अर्जात फक्त जखमा आणि औषधांची बिले लिहिली जातात, वर्तनातील बदल कोणी लिहीतच नाही. त्या चाचण्यांचा अहवाल, मनोविकारतज्ज्ञांचा दाखला आणि अपघातापूर्वी तो कामावर कसा होता याबद्दल मालकाचे किंवा सहकाऱ्यांचे निवेदन जोडा. वहिनींनी प्रत्येक प्रसंगाची तारखेनिशी वहीत नोंद ठेवली तर साक्षीच्या वेळी आठवणीवर विसंबावे लागणार नाही.